कोर्ट म्हणजे सरकारच ना?

गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती आम्ही पाळत आहोत. पत्राचा मजकूर थोडक्यात असा: निकाह होऊन अकरा वर्षे झाली होती. मागील वर्षी तलाक झाला. रीतीप्रमाणे, वेगवेगळ्या वेळी, जमातीच्या मंडळींच्या साक्षीने झाला. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. महरचे राहिलेले ११ हजार आणि इद्दतीच्या खर्चाचे १५ हजार रुपये त्यांना मिळाले. जमातीने कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि प्रकरण मिटले. भगिनी माहेरी आल्या. सोबत नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. शिवणकामावर महिन्याला साडेतीन-चार हजार रुपये सुटतात. पूर्वीच्या पतीचे बाजारपेठेत मोबाइलचे दुकान आहे आणि ते बरे चालते.

कोर्टात पोटगीचा अर्ज करावा का, असे त्यांनी घरात विचारले. भाऊ म्हणाला, घरातले भांडण सरकारकडे न्यायचे का? मामा म्हणाले, सरकारकडून आपल्या लोकांना आजवर काय मिळाले आहे? आणि दादीने ती जुनी म्हण ऐकवली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तिघांचे बोलणे ऐकून भगिनीने आम्हाला विचारले आहे: ‘कोर्ट म्हणजे सरकारच ना? मग तिथे जाऊन काय उपयोग? आणि गेले तर मी जमातीच्या विरुद्ध गेले असे होईल का?’

या सदरात आम्ही सहसा तीन-चार पत्रांना उत्तरे देतो. या वेळी संपूर्ण जागा या एकाच पत्राला देत आहोत, कारण असे प्रश्न पुष्कळ घरांत विचारले जातात आणि बहुधा विचारल्या जागीच दाबले जातात.

आधी ‘सरकार’ या शब्दाचे पाहू. आपल्या बोलण्यात तलाठ्यापासून पंतप्रधानांपर्यंत सगळे सरकार असते. एस.टी. उशिरा आली तर सरकार, रेशनचा गहू किडका निघाला तर सरकार. त्या अर्थाने कोर्टही सरकारच. इमारत सरकारी, पगार सरकारी, भिंतीवरची राजमुद्रा सरकारी. पण राज्य चालवण्याची कामे तीन वेगळ्या हातांत दिलेली आहेत. कायदा करायचा संसदेने आणि विधानमंडळाने. तो राबवायचा मंत्र्यांनी, कलेक्टरांनी, पोलिसांनी. आणि दोघांत वाद आला, मग तो दोन माणसांतला असो की माणूस आणि सरकार यांच्यातला, तर कायदा काय म्हणतो ते सांगायचे न्यायालयाने. या तिसऱ्या हातात ना पोलीस आहेत, ना तिजोरी. त्याच्याकडे आहे ते फक्त निकालपत्र. ते निकालपत्र पहिल्या दोघांनाही बांधील असते.

राज्यकर्त्याने नेमलेला माणूस राज्यकर्त्याच्याच विरुद्ध निकाल देतो, ही कल्पना आपल्या घरांना नवी नाही. हजरत अली (रजि.) यांच्या चिलखताचा किस्सा मुलांना सांगितला जातो. खलिफा स्वतः फिर्यादी, समोर एक गैरमुस्लिम रहिवासी, आणि काझी शुरैह यांनी पुरेसा साक्षीदार नाही म्हणून निकाल खलिफांच्या विरुद्ध दिला. किस्सा सांगताना आपण खलिफांच्या मोठेपणावर थांबतो. काझीला पगार कोण देत होते, हे सहसा कोणी विचारत नाही.

आपल्या महाराष्ट्रातला, लिखित पुराव्याचा दाखला हवा असेल तर १८९७ सालचा घ्यावा. पुण्यात प्लेगचे दिवस. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली आणि जुलैच्या अखेरीस ‘केसरी’तील मजकुरावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. सरकार बिथरलेले होते. जामिनाचे आधीचे अर्ज नामंजूर झाले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयात पुन्हा अर्ज झाला, तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे. मुंबईतच जन्मलेले, अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक, १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष, आणि या उच्च न्यायालयाचे पहिले मुस्लिम न्यायाधीश. त्यांना खुर्चीवर येऊन दोनच वर्षे झाली होती.

आता हे लक्षात घ्या की ज्या लिखाणावरून खटला उभा राहिला, त्यात अफझलखानाच्या वधाचे समर्थन हा एक मुद्दा होता. त्याआधी १८९३ च्या दंगलीनंतर टिळकांनी जी भूमिका घेतली होती तिच्यावर मुसलमान समाजात उघड नाराजी होती. म्हणजे एका बाजूला न्यायमूर्तींची नेमणूक करणारे सरकार नाराज होणार, दुसऱ्या बाजूला स्वतःचा समाज कुजबुजणार. पण जामिनाच्या अर्जावर आरोपीचे विचार पटतात का हा प्रश्न नसतो. दोष अजून सिद्ध झालेला नाही, खटल्याच्या वेळी आरोपी हजर राहील, आणि बचावाची तयारी करायला तो मोकळा असला पाहिजे, हे पाहायचे असते. तय्यबजींनी जामीन दिला.

पुढे सप्टेंबरमध्ये टिळकांना शिक्षा झालीच. न्यायाधीश दुसरे होते, ज्यूरीतील सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले, आणि अठरा महिन्यांची कैद झाली. तेव्हा तय्यबजींनी टिळकांना वाचवले असे म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी कायद्याने जेवढे द्यायचे तेवढे दिले. आम्हाला या हकिकतीत सर्वांत बोलके वाटते ते वेगळेच. त्या दिवशी टिळकांच्या बाजूने जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ साली, तेच दावर न्यायाधीश झालेले होते आणि टिळक पुन्हा राजद्रोहाच्या आरोपात त्यांच्यापुढे होते. या वेळी जामिनासाठी बॅरिस्टर जिना यांनी युक्तिवाद केला. दावरांनी जामीन नाकारला आणि खटल्याच्या शेवटी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. तोच कायदा, तीच इमारत, तोच आरोपी. खुर्ची माणसाला आपोआप निर्भय करीत नाही, हे १९०८ ने दाखवले. आणि करू शकते, हे १८९७ ने.

म्हणूनच स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने न्यायाधीशाच्या निर्भयपणाची काही सोय करून ठेवली. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला मंत्रिमंडळ काढू शकत नाही. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. त्याचा पगार त्याचे नुकसान होईल असा कमी करता येत नाही. आणि कलम ५० ने राज्याला सांगितले की न्यायदान हे कारभारापासून वेगळे करा.

या शेवटच्या वाक्याचा दादीच्या म्हणीशी संबंध आहे. इंग्रजी अमदानीत तालुक्याच्या गावी सारा वसूल करणारा मामलेदार हाच बहुधा मॅजिस्ट्रेटही असे. ज्याने सकाळी साऱ्यासाठी दम दिला, त्याच्यासमोरच दुपारी फौजदारी खटल्यात हात जोडून उभे राहायचे. अशा कचेरीची पायरी शहाण्याने चढू नये हे खरेच होते. मुंबई राज्यात ही दोन कामे वेगळी करण्याचा कायदा १९५१ साली झाला, आणि १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आणले. आज तुमच्या तालुक्यात तहसीलदाराची कचेरी आणि कोर्ट एकाच आवारात असतील, चहावालाही एकच असेल, पण आतला न्यायदंडाधिकारी तहसीलदाराचा किंवा कलेक्टरचा हुकूम मानत नाही. म्हण मात्र अजून मामलेदार कचेरीतच बसून आहे.

आता मामांचे म्हणणे. ते आम्ही हसण्यावारी नेणार नाही. १९७६ साली आणीबाणीत, विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायाधीशांनी म्हटले. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी विरोधी निकाल लिहिला, आणि पुढल्या वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले. तो बहुमताचा निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मान्य केले ते २०१७ मध्ये, एकेचाळीस वर्षांनी. अक्षरधाम खटल्यात तिघांना फाशी सुनावली गेली होती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडले. अटका २००३ मधल्या. निर्दोष सुटण्यात आयुष्याची दहा-अकरा वर्षे गेली, ती कोणी परत दिली नाहीत. मामांसारखी माणसे हे सारे पाहत आली आहेत.

पण त्यांनी हेही पाहिले असेल की बिल्किस बानो यांचा खटला गुजरातमध्ये नीट चालणार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तो मुंबईत आणला, मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप दिली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात सरकारने त्या अकरा जणांना शिक्षेत सूट देऊन सोडले तेव्हा ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच तो सरकारी आदेश रद्द करून त्यांना दोन आठवड्यांत तुरुंगात परत जायला सांगितले. एका बाईचा अर्ज आणि समोर एक राज्य सरकार. तेव्हा मामांना आमचे सांगणे एवढेच की कोर्ट चुकते आणि उशीर करते, हे कबूल. पण सरकारचा हुकूम फिरवू शकेल अशी दुसरी जागा कोणती, ते त्यांनी सांगावे. आणि एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटते. कोर्ट स्वतःहून सहसा कोणाच्या दारी येत नाही. आमदार मते मागायला येतो, तलाठी पंचनाम्याला येतो. न्यायाधीश मात्र अर्ज येईपर्यंत गप्प असतो. पायरी आपणच चढावी लागते.

आता भगिनीच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. जमातीने सांगितले की इद्दतीपुरते दिले, आता पतीची जबाबदारी संपली. हे सांगणारी मंडळी वाईट हेतूने बोलली असे आम्हाला वाटत नाही. त्यांना कायदा तेवढाच ठाऊक असावा. पण कायदा तेवढाच नाही. तो कसा घडत गेला हे पाहिले तर संसद आणि न्यायालय यांचे नातेही कळते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

इंदूरच्या शाहबानो यांचे प्रकरण सर्वांना ऐकून माहीत असते, तपशील थोड्यांना. १९३२ चा निकाह, पती स्वतः वकील. १९७५ साली त्या घराबाहेर पडल्या, १९७८ मध्ये त्यांनी पोटगीचा अर्ज केला, त्याच वर्षी तलाक झाला. मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये ठरवले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. पती सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने त्यांचे अपील फेटाळले. (हेच चंद्रचूड १९७६ च्या त्या चार न्यायाधीशांत होते, आणि २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा ठरवणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव. असो.) रक्कम १७९ रुपयांची, पण निकालात कुरआनचा अर्थ लावला गेला होता आणि समान नागरी कायद्याबद्दल शेरेही होते. देशभर मोर्चे निघाले. खुद्द शाहबानो यांनी आपल्याला हा निकाल नको असे जाहीर केले. ते कोणत्या दडपणाखाली केले आणि कितपत मनापासून, यावर चाळीस वर्षे वाद चालू आहे. त्यात आम्ही शिरत नाही.

मग संसदेने १९८६ साली मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा केला. सर्वांनी मानले की सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुसला गेला. जमातींच्या दफ्तरांत त्या दिवसापासून जी समजूत बसली ती आजवर उठलेली नाही, की इद्दतीचा खर्च दिला की झाले.

संसद हे करू शकते. कायदा बदलणे हा तिचा अधिकार आहे. पण केलेल्या कायद्यातील शब्दांचा अर्थ काय, हे पुन्हा न्यायालयच सांगणार. शाहबानो यांचे वकील दानियल लतीफी यांनी या नव्या कायद्यालाच आव्हान दिले. सप्टेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी कायदा वैध ठरवला, आणि मग त्यातील एक वाक्य नीट वाचून दाखवले. तलाक देणाऱ्या पतीने वाजवी व न्याय्य तरतूद आणि निर्वाहखर्च ‘इद्दतीच्या आत’ द्यावा, असे ते वाक्य आहे. न्यायालय म्हणाले, इद्दतीच्या आत द्यायचे म्हणजे इद्दतीपुरते द्यायचे नव्हे. पैसे देण्याची मुदत इद्दतीची. तरतूद मात्र पुढच्या आयुष्याची, ती बाई पुन्हा निकाह करीपर्यंतची. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हाच अर्थ त्याच्या आदल्या वर्षी लावला होता.

‘आत’ आणि ‘पुरते’. या दोन शब्दांमध्ये आमच्या भगिनीची उरलेली वर्षे आहेत.

त्यानंतर १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तेलंगणातील एका प्रकरणात, हेही स्पष्ट केले की १९८६ चा कायदा असला तरी सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अर्ज करण्याचा मार्ग तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीला बंद झालेला नाही. त्या महिन्यापासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यात हे कलम १४४ वे आहे. दोन मार्गांपैकी आपल्या प्रकरणात कोणता सोयीचा, ते वकील कागद पाहून सांगेल.

भगिनीला पापाची भीती वाटते, असे पत्राच्या शेवटच्या पानावरून आम्हाला जाणवले. आम्ही मुफ्ती नाही. एवढे मात्र ध्यानात आणून देतो की तलाक झालेल्या स्त्रियांना रीतीप्रमाणे काही द्यावे हा उल्लेख सूरह बकरामध्ये आहे, आणि तो बंधनकारक किती, रक्कम किती, यावर इमामांमध्ये मतभेद आहेत. कोकणातील बहुतेक मुस्लिम शाफई मसलकाचे. त्या मसलकाच्या पुस्तकांत या ‘मताअ’वर बराच भर आहे. आपल्या गावच्या मौलानांना इतर सगळे विचारतो, तसे हेही एकदा विचारावे. हक्क मागणे म्हणजे दीन सोडणे असे कोणी सांगितले, तर त्याला आधार विचारावा.

जमातीच्या विरुद्ध जाण्याचे म्हणाल तर जुलै २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दारुल कजा आणि फतवे यांबद्दल निकाल दिला आहे. अशा संस्था बंद करा असे न्यायालयाने म्हटले नाही. दोन्ही पक्ष राजीखुशीने तिथे गेले, समझोता झाला, तर चांगलेच. पण त्यांचा निर्णय कायद्याने कोणावर लादता येत नाही आणि कोणाला कोर्टात जाण्यापासून अडवूही शकत नाही. जमातीने सह्या घेतलेला कागद आहे म्हणून आपला हक्क संपला असे समजू नका. तो कागद फाडूही नका. किती दिले आणि कशासाठी दिले याचा तो उलट पुरावाच आहे. जमातीचे काम समजूत घालणे. समजूत घालून जे होत नाही त्यासाठी कोर्ट आहे. कोर्टाने ठरवलेली पोटगी थकवली तर वॉरंट निघते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. जमातीच्या हाती असे काही नाही, आणि नसावेच.

मुलांचा हिशेब वेगळा आहे, हे भाऊ विसरला. आईचा तलाक झाला म्हणून मुलांची पोटगी संपत नाही. १९८६ च्या कायद्यात मुलांसाठी दोन वर्षांचा उल्लेख आहे खरा, पण १९९७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुस्लिम मुलांचा बापाकडून पोटगी घेण्याचा हक्क त्या दोन वर्षांपुरता नाही. तेव्हा अर्जात मुलगी आणि मुलगा या दोघांसाठी स्वतंत्र रक्कम मागावी.

पैशाचे आणि वेळेचे खरे सांगायला हवे. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. तारखा पडतील. समोरचा वकील आजारी पडेल, साहेब रजेवर असतील, दिवसाची शिलाई बुडवून तुम्ही बाकावर बसून परत याल. हे सांगितल्याशिवाय तुम्हाला पायरी चढा म्हणणे आम्हाला बरे वाटत नाही. पण त्यातही काही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. अर्ज तुम्ही जिथे राहता तिथल्या कोर्टात करता येतो, पतीच्या गावी जावे लागत नाही. मूळ अर्ज चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते, आणि नोटीस पोहोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तिचा निर्णय व्हावा असे कायदा म्हणतो. ‘शक्यतो’ हा शब्द वकील मंडळी फार ताणतात, ते जाऊ द्या. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नव्हे; आणि दोघांनीही आपली मिळकत, खर्च, कर्ज शपथपत्रावर लिहून द्यायचे. म्हणजे निकालाला दोन वर्षे लागली तरी ती दोन वर्षे पाण्यात जात नाहीत. घरात विचारविनिमय करण्यात जे महिने जातात, ते मात्र जातात.

वकिलाची फी हा मोठा अडसर वाटतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी तिचे उत्पन्न किती हे पाहिले जात नाही. तुमच्या तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. बाहेरच्या शिपायाला विचारले तरी खोली दाखवतो. जायचे धाडस होत नसेल तर आधी १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करून विचारावे. तिथला वकील कसा भेटेल हे नशिबावर आहे, काही मनापासून काम करतात, काही नाही. पटले नाही तर बदलून मागता येतो, संकोच करू नये.

लोकअदालतीत मिटवा, असा सल्ला तुम्हाला नक्की दिला जाईल. सल्ला वाईट नाही. तिथे फी नाही आणि त्याच दिवशी निकाल. पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून एकरकमी आकडा ऐकून लगेच सही करू नये. कागद घरी आणण्याची मुभा मागावी, हिशेब मांडावा. मुलगा चार वर्षांचा आहे. तो कमावता होईपर्यंत किती वर्षे, किती फी, किती दवाखाना. जमातीत जी घाई झाली ती दुसऱ्यांदा नको.

तालुक्याच्या कोर्टाचा निकाल पटला नाही तर वर सत्र न्यायालय आहे आणि त्याच्यावर उच्च न्यायालय. पूर्वी रत्नागिरीच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता तिथे चालतात. तिथवर जायची वेळ येऊ नये, पण आली तरी आंबा घाटापलीकडे जायचे आहे, एवढेच.

भगिनी, भावाला समजावताना त्याला हे पान वाचून दाखवा, भांडू नका. त्याला तुमची काळजी आहे, फक्त बाजारपेठेत लोक काय म्हणतील याची काळजी थोडी जास्त आहे. दादींना कोर्टात नेऊ नका म्हणणार नाही. आमचा अनुभव असा की पहिल्या तारखेला घरातले वडीलधारे माणूस शेजारी बसलेले असले की हात कापत नाहीत.

जाताना निकाहनामा, तलाकनामा, जमातीचा तो सह्यांचा कागद, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या आणि दवाखान्याच्या पावत्या, रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक सोबत घ्या. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कोणाच्याही हातात सोडू नका, वकिलाच्यासुद्धा. पती शपथपत्रात दुकान भावाचे आहे, मी तिथे नोकर आहे, असे लिहिण्याचा संभव आहे. तेव्हा बाजारच्या दिवशी कोणाला तरी सांगून दुकानाच्या पाटीचा एक स्पष्ट फोटो काढून ठेवा. पाटीवर प्रोप्रायटर म्हणून नाव त्यांचेच आहे, असे आपण पत्रात लिहिले आहे.